न फिरणारी फिरकी

लहानपणी संक्रांतीला गच्चीवर दुसऱ्याची फिरकी धरून उभं राहिलेल्या माणसाला ही अडचण चांगली ठाऊक असते. पतंग ओढ घेतो, फिरकी तळव्यांमध्ये गरगरते, दोरा सुटत जातो. मग वारा एकाएकी पडतो. पतंग थबकतो, पण फिरकी आपल्या वेगात फिरतच राहते आणि सुटलेला दोरा पायाशी गुंता होऊन पडतो. वेळेवर तळवा दाबला नाही, तर पुढचा अर्धा तास गाठी सोडवण्यात जातो.

गळाने मासे गरवणाऱ्यांना याच गुंत्यानं पिढ्यान्‌पिढ्या छळलं. त्यावरचा जो उपाय शेवटी टिकला, तो ऐकायला विचित्र वाटतो: दोरी सुटताना फिरकी फिरूच द्यायची नाही. अमेरिकेत बास माशाच्या मागे जाणारा जो हौशी माणूस आज दुकानात मध्यम किमतीचं ‘स्पिनिंग रीळ’ हातात घेऊन उलटसुलट करून पाहतो, त्याच्या हातातलं यंत्र नेमकं हेच करतं. त्याची कुळकथा मला आवडते, कारण तिच्यात मासेमारीवर पोट असणारी माणसं फारशी नाहीतच. घड्याळजी आहेत, लोकरीचे गिरणीवाले आहेत, सायकलीचे सुटे भाग करणारे आहेत. प्रत्येकानं आपल्या धंद्यातली एक युक्ती आणून या रिळात ठेवली. रीळ निवडताना पैसे कशासाठी मोजायचे, याचं उत्तरही त्या युक्त्यांमध्येच सापडतं.

रिळाचं सर्वांत जुनं परिचित चित्र चीनमधलं आहे. सोंग काळातला चित्रकार मा युआन यानं 1195च्या सुमारास ते काढलं आणि आज ते तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चहूकडे मोकळं पाणी, एक लहानशी होडी, तिच्यात वाकून बसलेला एकटा माणूस आणि त्याच्या काठीला लावलेलं छोटं चाक. इंग्लंडमध्ये असं चाक लेखी दिसतं ते थॉमस बार्करच्या 1651च्या पुस्तकात. या चाकांचं मुख्य काम दोरी साठवण्याचं होतं. मासा पळाला तर दोरी द्यायची, थकला की गुंडाळायची. आमिष लांब फेकण्याचं ओझं त्यांच्यावर नव्हतं.

ते ओझं आलं अमेरिकेत. केंटकी राज्यातल्या पॅरिस गावी जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी राहत होता. 1820च्या आसपास त्यानं घड्याळजीच्या हातानं एक रीळ बनवलं. दातेरी चाकांमुळे मुठीच्या एका फेऱ्यात त्याची फिरकी अनेक फेरे घेई. अशी रिळं इंग्लंडमध्ये आधी होती, पण ओबडधोबड होती. स्नायडरचं रीळ इतकं हलकं फिरे, की फेकलेल्या जिवंत आमिषाच्या ओढीनंच दोरी सुटू लागली. केंटकीच्या नद्यांमधला ब्लॅक बास पकडायला हे वरदान होतं. नावात बास असला तरी हा मासा सनफिशच्या कुळातला. बुडालेली झाडं, खडक, पाणवनस्पती यांच्या आडोशाला तो दबा धरून बसतो, म्हणून आमिष त्याच्या दारात नेऊन टाकावं लागतं. पुढे केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी ही रिळं आणखी देखणी आणि आणखी नेमकी केली.

पण फिरकी फिरत होती, त्यामुळे पतंगाचं दुखणं तिलाही होतं. आमिष हवेत मंदावलं, तरी फिरकी मंदावत नसे. म्हणून फेकणाऱ्याला अंगठा सतत फिरकीवर ठेवावा लागे, आणि तो अंगठा तयार व्हायला अनेक हंगाम जात. शिवाय आमिष फार हलकं असलं, तर जागेवर थांबलेल्या फिरकीला गती द्यायला त्याचा जोरच पुरत नसे.

पहिली वाट स्कॉटलंडमध्ये निघाली. टे नदीकाठच्या पर्थ गावात मासेमारीचं सामान विकणाऱ्या पीटर मॅलकनं 1884 मध्ये एक वेगळंच रीळ आणलं. फेकायच्या वेळी त्याची फिरकी काटकोनात वळवायची, म्हणजे तिचं तोंड काठीच्या शेंड्याकडे होई. दोरी त्या तोंडावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी निसटे आणि फिरकी जागची हलत नसे. गुंडाळताना फिरकी पुन्हा आडवी करून फिरवायची. गुंता गेला, पण नवीन दुखणं आलं. तोंडावरून निसटणारं प्रत्येक वेटोळं दोरीत एक पीळ घालतं. मॅलकच्या रिळात गुंडाळताना तो पीळ उलटत नव्हता. दिवसभर फेकत राहिलं, की दोरी पिळून पिळून अंगावर येई.

ही गाठ सुटली ती ब्रॅडफर्डमध्ये. यॉर्कशायरमधलं हे शहर तेव्हा लोकरीच्या धंद्याची राजधानी होतं. तिथल्या गिरणीदार घराण्यातला आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याला गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसं निघतं ते पाहून कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. ही गोष्ट इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या माणसाला लगेच पटावी. साध्या मागावरचा धोटा आठवा. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत धडाधड धावतो, त्याच्या पोटात बाण्याच्या सुतानं भरलेली कांडी असते आणि ती कांडी फिरत नाही. तिच्या निमुळत्या टोकावरून सूत नुसतं ओघळत येतं. धोटा किती जोरात निघाला आणि किती झटक्यात थांबला, तरी कांडीला पुढे भरकटायला वेगच नसतो. तीच कांडी फिरती असती, तर धोट्याच्या प्रत्येक थांब्यावर सूत सैल पडून गुंतलं असतं.

इलिंगवर्थनं 1905 मध्ये पेटंट घेतलं ते याच तत्त्वावर. त्याची फिरकी काठीच्या दिशेनं तोंड करून पक्की बसवलेली होती. मूठ फिरवली, की एक आकडा फिरकीभोवती प्रदक्षिणा घालत दोरी गुंडाळी, आणि फिरकी हळूहळू पुढे-मागे सरके, म्हणजे दोरी एकाच जागी ढीग करत नसे. मॅलकचा पीळही यात आपोआप मिटला. दोरी निसटताना जो पीळ पडतो, तोच आकड्याच्या प्रदक्षिणेत उलटा सुटतो. आजचं कुठलंही स्पिनिंग रीळ उघडून पाहा, आत इलिंगवर्थची हीच मांडणी दिसेल: स्थिर फिरकी, भोवती फिरणारा हात, दातेरी चाकांनी जोडलेली मूठ.

मग न फिरणाऱ्या फिरकीला ‘स्पिनिंग’ हे नाव कसं पडलं? गिरणीतल्या सूतकताईवरून पडलं असेल असा मोह होतो, पण नाव आलं दुसऱ्याच दारानं. इंग्लंडमध्ये पाण्यात गरगर फिरणारं आमिष ओढत नेऊन मासा फसवण्याला हे रीळ जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून ‘स्पिनिंग’ म्हणत. ही हलकी, फिरती आमिषं फेकायला नवं रीळ सोयीचं ठरलं. इंग्रज त्याला स्थिर फिरकीचं रीळ म्हणत राहिले. अमेरिकेत मात्र आमिषाचं नाव रिळाला चिकटलं आणि तेच जगभर गेलं.

सुरुवातीच्या रिळांत फेकल्यावर दोरी बोटानं उचलून आकड्यात अडकवावी लागे. इंग्लंडच्या हार्डी बंधूंनी 1932 मध्ये आल्टेक्स रिळावर तारेची पूर्ण कमान बसवली. फेकताना ती उघडायची. नंतर मूठ फिरवली की ती खटकन मिटते आणि दोरी स्वतःच पकडते. या कमानीला आज गरवणारे ‘बेल’ म्हणतात.

पुढचा मुक्काम फ्रान्समध्ये. आल्प्सच्या कुशीतल्या क्लूझ गावात 1720 पासून घड्याळाचे सुटे भाग बनत होते आणि 1848 मध्ये तिथे घड्याळविद्येची खास शाळा निघाली होती. अशा गावातल्या कार्पानो आणि पोन्स या कारखान्यानं 1948 मध्ये मिचेल रीळ बाजारात आणलं. त्याच्या गाजलेल्या मॉडेलचा क्रमांक 300. स्नायडरच्या एकट्या बाकावर सुरू झालेली घड्याळजींची परंपरा आता गावभराच्या यंत्रांवर चालू लागली. तंतोतंत कापलेली दातेरी चाकं हजारोंनी निघू लागली आणि चांगलं रीळ सामान्य माणसाला परवडू लागलं.

वेळही जुळून आली होती. ड्यूपॉन्टनं 1938 मध्ये नायलॉन जाहीर केलं आणि महायुद्धानंतर एकेरी नायलॉनची दोरी सगळीकडे पोचली. आपल्या किनाऱ्यावर तिला तंगूस म्हणतात. रेशीम किंवा सुताची दोरी भिजून जड होई, सुकवावी लागे, नाहीतर कुजे. तंगूस बारीक, गुळगुळीत आणि फिरकीच्या काठावरून पाण्यासारखा ओघळणारा. तो आल्यावरच इलिंगवर्थच्या रिळाचे गुण पूर्ण उमलले. चार-पाच ग्रॅमचं आमिष शिकाऊ माणूसही पहिल्याच दिवशी दूर फेकू लागला. कोकणात खडपावर उभं राहून गरवणाऱ्यांच्या हातातही आज बहुतेक वेळा याच घराण्याचं रीळ असतं.

शेवटचं घर जपानमधलं. ओसाकाजवळचं साकाई हे लोहारांचं गाव. सुऱ्या, बंदुका आणि मग सायकली असा त्याच्या कारागिरीचा प्रवास. तिथे शोझाबुरो शिमानो यांनी 1921 मध्ये कारखाना काढला आणि सायकलीच्या फ्रीव्हीलपासून सुरुवात केली. पॅडल थांबवलं तरी चाक पुढे धावतं, पण उलटं पॅडल मारलं तर चाक मागे ओढलं जात नाही, ही करामत त्या फ्रीव्हीलची. कारखान्यानं 1970 मध्ये मासेमारीचं सामान बनवायला घेतलं. रिळाची मूठ मागे फिरू न देणारा एकदिशा क्लच हा त्या फ्रीव्हीलचा जवळचा भाऊबंद आहे, आणि धातू न तापवता दाबून घडवण्याची सायकलीच्या भागांवर पिकलेली कला रिळाच्या दातेरी चाकांना लाभली. बास मासाही अमेरिकेतून आधीच जपानला पोचला होता. तेत्सुमा आकाबोशी यांनी 1925 मध्ये तो आणून हाकोनेजवळच्या आशी तलावात सोडला. तो इतका पसरला आणि स्थानिक माशांना इतका जड झाला, की जपाननं 2005 मध्ये त्याची जिवंत ने-आण आणि पालन कायद्यानं रोखलं. जगातल्या सर्वांत वजनदार बासचा मान आज दोन माशांमध्ये विभागलेला आहे: एक 1932 मध्ये जॉर्जिया राज्यात पकडलेला, दुसरा 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात. दोन्ही दहा किलोंच्या थोडे वर.

आता त्या दुकानातल्या माणसाकडे वळू. समोर शंभर डॉलरच्या आगेमागे किमतीची पाच-सहा रिळं आहेत आणि प्रत्येक खोक्यावर बेअरिंगची संख्या ठसठशीत छापलेली आहे. तो आकडा मी शेवटी वाचेन. आधी पूर्वजांना एकेक प्रश्न विचारेन.

पहिला प्रश्न घड्याळजीला. रिळाचा पाय घट्ट धरून, दोरीला थोडा ताण देऊन मूठ फिरवावी. रिकामी मूठ लोण्यासारखी फिरणं सोपं असतं. ताणाखाली खरखर लागली किंवा रिळाचं अंग पिळवटताना जाणवलं, तर दातेरी चाकं एकमेकांवर नीट राहत नाहीत. बाससाठी मुठीच्या एका फेऱ्याला फिरकीभोवतीच्या हाताचे पाच ते सहा फेरे पुरेसे, आणि आकार जपानी मोजणीतला 2500.

दुसरा हार्डीला. कमानीच्या टोकाशी दोरी वळवणारी एक इवली चाकी असते. दोरीच्या ताणानं ती खरोखर फिरते का, ते पाहावं. अडकलेली चाकी प्रत्येक फेकीत दोरी खरवडते आणि पीळ वाढवते. स्वस्त रिळांत पहिली काटकसर बहुधा इथेच होते.

तिसरा प्रश्न फिरकीलाच. दोरी फेकताना ती फिरत नाही, पण मोठा मासा पळाला की तिला घसरत फिरावंच लागतं. त्या घसरणीला ‘ड्रॅग’ म्हणतात आणि ती देणाऱ्या चकत्या फिरकीच्या पोटात असतात. दोरी हातानं सावकाश ओढावी. सुरुवातीलाच हिसका बसला, तर बारीक तंगूस तिथेच तुटतो. मध्यम किमतीत सर्वांत जास्त पैसे मी या गुळगुळीत सुरुवातीसाठी देईन. दोरी जितक्या ताणाला तुटते, त्याच्या चौथाई ते तिहाई ताणावर ड्रॅग लावावा. आणि फिरकी घसरत असताना मूठ फिरवू नये: दोरी आत येत नाही, फिरकीभोवतीचा हात मात्र फिरत राहतो आणि मुठीच्या प्रत्येक फेऱ्याला पाच-पाच पीळ घालतो. मॅलकचं दुखणं आपण स्वतःच्या हातानं परत आणतो.

चौथा प्रश्न साकाईच्या लोहाराला. मूठ मागे दाबून पाहावी. थोडाही सैलपणा नसेल, तर क्लच चांगला आहे. मासा लागल्यावर काठीचा झटका तिथेच जिरून चालत नाही.

एवढ्या परीक्षांना उतरणारं रीळ मधल्या किमतीत मिळतं. त्याहून वर मोजलेले पैसे बहुतेक वजन कमी करायला आणि पाणी आत शिरू न द्यायला जातात. रोज बारा तास फेकणाऱ्याला त्यांचं मोल आहे. सुटीच्या दिवशी पहाटे तळ्यावर जाणाऱ्याला ते नसलं तरी चालेल.

मग रीळ घेऊन तो तळ्यावर जातो. तर्जनीच्या पेरावर दोरी उचलून धरतो, कमान उघडतो, फेकतो, आणि आमिष पाण्याला टेकण्याआधी तेच बोट फिरकीच्या काठाशी नेऊन वेटोळी आवरतो. कमान मुठीनं आपोआप मिटू शकते, तरी जाणता माणूस ती हातानं मिटवतो आणि दोरीला हलकासा ताण देतो, म्हणजे सैल वेटोळं आत गुंडाळलं जात नाही. कमान नव्हती तेव्हा इलिंगवर्थच्या रिळावर दोरी बोटानंच उचलावी लागे. ते बोट आजही आपल्या जागेवर आहे, फिरकी धरून उभ्या राहिलेल्या पोराच्या तळव्यासारखं.