तास : एका नादाचा इतिहास

शाळेत आपण दिवसातून अनेकदा 'तास संपला' असे म्हणतो. त्यातून आज केवळ वेळेचा बोध होतो. परंतु या शब्दाच्या मुळाशी धातूचे एक भांडे आहे आणि त्या भांड्याचा नाद आहे.

'तास' हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ वाटी, पसरट पात्र. ज्या काशाच्या थाळीवर टोल देऊन वेळ जाहीर करीत, तिलाही मराठीत तास म्हणू लागले. पुढे त्या टोलांनी मोजला जाणारा काळच तास झाला. वस्तू विस्मृतीत गेली, नाव मात्र काळाला चिकटून राहिले.

'घड्याळ' या शब्दाची कथा अशीच आहे. तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडीत. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे आजची २४ मिनिटे, पूर्ण होई. अहोरात्रीच्या अशा ६० घटिका. घटिका भरली की उंच टांगलेल्या जाड थाळीवर टोल पडत. या थाळीचे व ती वाजविणाऱ्या घडियाळ्यांचे वर्णन सोळाव्या शतकात बाबराने आपल्या आत्मचरित्रात केले आहे. म्हणजे घड्याळ प्रथम ऐकण्याची वस्तू होती. काट्यांकडे पाहणे नंतर आले. लग्नघटिका हा शब्द त्याच पात्राची आठवण आजही जपून आहे.

आपल्या अंत्रुज महालात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. घरी कोंकणीत आपण तासाला 'वर' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'ओरा'वरून आलेला. फोंडा १७६३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि ती सत्ता १९६१ मध्ये संपली. शब्द मात्र राहिला. घरचा 'वर' पश्चिमेकडून समुद्रमार्गे आला, शाळेतला 'तास' अरबी-फारसीतून आला आणि 'घटिका' संस्कृतातून. तिन्ही शब्द एकाच मुलाच्या तोंडी सुखाने नांदतात. यांपैकी एकाला परके ठरवून वगळू पाहणाऱ्याने आपल्याच पूर्वजांच्या जीवनाचा एक भाग वगळला, असे म्हणावे लागेल.

मनगटावरचे घड्याळ ज्याची वेळ त्याला दाखविते. शाळेचा टोल मात्र सर्वांना एकाच क्षणी ऐकू येतो. विद्यार्थिमित्रांनो, पुढचा तास वाजेल तेव्हा हे अवश्य आठवावे.