जालन्याची चुनखडी आणि मुळांचा कारभार

जालना म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, बियाणं आणि सळई. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, आणि भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्यांनी या शहराला पोलादाचं गाव केलं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जुना रंग लागलेलं लोखंड भट्टीत गेलं की धुरातल्या धुळीत जस्त आणि शिसं उतरतं. अशी धूळ शेतात पडली, तर पुढे तिचं काय होतं? त्याचं उत्तर मुळाभोवतीच्या दोन-चार मिलिमीटर मातीत आहे, आणि ते उत्तर सापडायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात जर्मनीतल्या युलियस साक्स यांच्यापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांनी संगमरवराची घासून गुळगुळीत केलेली फरशी तळाशी ठेवली, वर वाळू भरली आणि बी पेरलं. काही दिवसांनी फरशी काढून बघितली, तर तिच्यावर मुळांचं जाळं कोरलेलं! मूळ नुसतं पाणी पीत नाही, दगडही झिजवतं. आता संगमरवर म्हणजे काय, तर कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या काळ्या रानातली चुनखडी तीच. म्हणजे साक्स यांची फरशी चुरा होऊन आपल्याच शेतात पडली आहे म्हणा ना.

या चुन्यामुळे इथल्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो, आणि अशा जमिनीत जस्त, शिसं, कॅडमियम बरेचसे अडकून पडतात. जमीन स्वतःच राखण करते, यात खोटं काही नाही. (क्रोमियमचं मात्र वेगळं. त्याचं विषारी, सहा संयुजेचं रूप अल्कधर्मी मातीत उलट जास्त मोकळं फिरतं.) पण राखणदाराच्या पाठीमागे मूळ बसलेलं असतं.

1904 मध्ये लोरेन्झ हिल्टनर यांनी मुळाच्या प्रभावाखालच्या मातीला 'रायझोस्फिअर' हे नाव दिलं. तिथला कारभार बाकीच्या शेतापेक्षा निराळा. पिकाने नत्र अमोनियमच्या रूपात घेतलं तर मूळ आम्ल सोडतं, नायट्रेटच्या रूपात घेतलं तर उलट. चुनखडीच्या रानात हा फरक कमी राहतो, कारण चुना आम्ल जिरवून टाकतो.

मग झाडाला लोह मिळतं कसं? हा प्रश्न आपल्याला पुस्तकात शोधावा लागत नाही. मोसंबीवर, सोयाबीनवर केवडा पडतो ना, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तोच हा प्रश्न. काळी माती बसाल्टची लेक. लोह भरपूर, पण झाडाच्या तोंडी लागत नाही. सोयाबीन, कापूस, मोसंबी यांची मुळं त्यासाठी आम्ल सोडतात आणि लोहाचं रूप बदलून ते आत घेतात. गवतवर्गाची रीत दुसरी. ती 1976 मध्ये जपानच्या ताकागी यांनी ओट आणि भाताची मुळं धुतलेल्या पाण्यात पकडली. ही मुळं लोहाला पकडून आणणारं द्रव्य सोडतात. पुढे बार्लीच्या मुळांतून असंच द्रव्य वेगळं केलं गेलं. बार्ली ते सोडते सूर्योदयानंतरच्या काही तासांत, जणू सकाळची हजेरी. गहू हे काम बरं करतो. आपली ज्वारी त्यात थोडी मागेच.

गोम इथे आहे. हे द्रव्य लोहासाठी असलं तरी जस्त आणि तांबंही ओढून आणतं. दुसऱ्या गटातल्या वनस्पतींत लोह आत घेणारं जे दार सापडलं आहे, त्यातून कॅडमियमही शिरतं. केवड्याचं पीक म्हणजे भुकेपोटी दार सताड उघडं टाकलेलं पीक. प्रदूषित रानात हे नुसतं उत्पादनाचं दुखणं राहत नाही.

'मग धातू शोषणारी झाडंच लावू' असं कुणी तरी विचारतंच. 1885 मध्ये बाउमान यांना जर्मनीत जस्ताच्या खाणींजवळच्या रानफुलांत भरपूर जस्त सापडलं होतं खरं. पण शिसं चुनखडीत इतकं घट्ट बसतं की ते सोडवायला गेल्या शतकाच्या शेवटी ईडीटीए टाकून बघितलं गेलं, आणि सुटलेलं शिसं पाण्याबरोबर खाली झिरपू लागलं. विहिरीवर जगणाऱ्या गावात हा उद्योग आम्हाला मुळीच पटत नाही.

आधी मोजायला हवं. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. त्यात जस्त आहे, पण ते पिकाला पुरतं की नाही एवढ्यापुरतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाहीत. भट्ट्यांच्या वाऱ्याखाली ज्यांची रानं आहेत त्यांनी ही तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते. नमुना देताना शेतातली माती एका पिशवीत, आणि उपटलेल्या झाडाच्या मुळांना चिकटलेली माती झटकून दुसऱ्या पिशवीत, असा द्यावा.