ट्रोल, फळी आणि अडकित्ता

आमच्या लोअर हटच्या घरात दिवाणखान्यात एक शोकेस आहे. वरच्या खणात गणपती, सावंतवाडीची लाकडी फळं आणि आजोबांचा पितळी अडकित्ता. खालच्या दोन खणांत एकोणतीस ट्रोल. घरी येणारी मराठी मंडळी आधी गणपतीला हात जोडतात, मग नजर खाली जाते आणि प्रश्न येतो, "हे काय हो नवीन?" आमच्या सौ. स्वयंपाकघरातूनच उत्तर देतात, "विचारू नका, जेवायला उशीर होईल!"

वाचकहो, आज जेवणाची घाई नाही, म्हणून सांगतो.

माझा आणि इतिहासाचा शाळेनंतर संबंध सुटला होता. डॉक्टरेट केली ती इंजिनिअरिंगमध्ये, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. बारा वर्षांपूर्वी एका शनिवारी ऑप-शॉपमध्ये मुलीसाठी सायकलचं हेल्मेट शोधत होतो, तिथे खोक्यात एक ठेंगणं ध्यान दिसलं. नाक वांग्याएवढं, केस पिंजारलेले, चेहऱ्यावर असं हसू की जणू शेजाऱ्याच्या झाडावरचे आंबे याच्याच पोटात गेलेत. दोन डॉलरला घेतलं. व्यसनं अशीच लागतात.

ट्रोल हा नॉर्वे-स्वीडनच्या लोककथांतला प्राणी. डोंगरात, अरण्यात राहतो, अंगाने दांडगा, बुद्धीने जाड, आणि सूर्यप्रकाशात सापडला की त्याचा दगड होतो. आपले वेताळ, मुंजा, कोकणातला देवचार यांचा हा लांबचा भाऊबंद. इथल्या माओरी कथांतले पातुपाइअरेहेसुद्धा धुक्यात, डोंगरात राहतात आणि उजेड टाळतात. फरक एवढाच की मुंजाची मूर्ती करून दिवाणखान्यात ठेवायचं आपल्या कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

जगभर गाजला तो ताठ केसांचा ट्रोल डेन्मार्कचा. ग्योल नावाच्या गावातल्या थॉमस डॅमची परिस्थिती बेताची. ख्रिसमसला मुलीला भेट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने लाकडातून एक बाहुला कोरून दिला. मुलीचं नाव लीला! (आपली नव्हे, डॅनिश.) गावातल्या मुलांनी तसाच बाहुला मागितला, आणि १९५९ च्या सुमारास त्याचा धंदा सुरू झाला. सुरुवातीचे बाहुले रबराचे, आत लाकडाचा भुसा, डोळे काचेचे आणि केस आइसलँडच्या मेंढीच्या लोकरीचे. पुढे प्लॅस्टिक आलं. अमेरिकेत मालावर कॉपीराइटची खूण नीट नसल्यामुळे १९६५ साली निकाल डॅमच्या विरुद्ध गेला आणि नकलांचा पूर आला. कायदा बदलल्यावर २००३ साली त्याच्या कंपनीला हक्क परत मिळाले, पण ते पाहायला तो नव्हता, १९८९ सालीच वारला होता.

म्हणून जुना ट्रोल हातात आला की जाणकार माणूस त्याचा चेहरा पाहत नाही, त्याला उलटा करतो. खूण कुठे आहे, केस लोकरीचे की नायलॉनचे, डोळे काचेचे की प्लॅस्टिकचे? रॉयल कोपनहेगनच्या चिनीमातीच्या वस्तूंचंही तेच. तळाशी तीन निळ्या लाटा हव्यात, त्या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या. प्रोग्रॅममधली चूक शोधण्याची सवय असलेल्या माणसाला हे आवडलं नाही तरच नवल.

पण चूक माझ्याच डोक्यात होती. न्यूझीलंडच्या ऑप-शॉपमध्ये ट्रोल सापडतात म्हणजे ते इथल्या जुन्या स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांनी आणले असणार, अशी माझी पक्की समजूत होती. ती नीट करून घ्यायला आम्ही एका लाँग वीकएंडला रेमुटाका घाट ओलांडून उत्तरेला गेलो. वाटेत एकेटाहुना लागतं. त्याचं पहिलं नाव मेलेमस्कॉव्ह, म्हणजे डॅनिशमध्ये मधलं अरण्य. पुढे डॅनीवर्क, मग नॉर्सवुड.

१८७० साली ज्युलियस व्होगेलने कर्ज काढून रस्ते, रेल्वे आणि माणसं आणण्याची योजना मांडली. हॉक्स बे आणि वाइरारापाच्या मध्ये दाट अरण्य होतं. माओरी लोक त्याला ते तापेरे-नुई-ओ-फातोंगा म्हणत, इंग्रज सेव्हन्टी माइल बुश. सरकारने माओरींकडून ती जमीन घेतली आणि झाडं तोडायला कुऱ्हाड चालवणारी माणसं हवीत म्हणून नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनकडे वळलं. सप्टेंबर १८७२ मध्ये 'होव्हडिंग' आणि 'बॅलारॅट' ही जहाजं नेपियर बंदराला लागली. त्या कुटुंबांना अरण्यातच चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे मिळाले, तेही फुकट नव्हे, हप्त्यांनी फेडायचे. पुरुष रस्त्यावर मजुरी करत, उरल्या वेळात स्वतःची झाडं पाडत. रेल्वे डॅनीवर्कला पोहोचली १८८४ साली. १८८८ मध्ये वणव्याने नॉर्सवुड गावाचा मोठा भाग जाळून टाकला. त्यांनी परत बांधलं. आपण व्हिसा, पॉइंट्स आणि नोकरीच्या नावाने बोटं मोडतो, तेव्हा ही माणसं मला आठवतात.

तर त्यांच्या सामानात ट्रोल होता का? नव्हता, आणि असणं शक्यही नव्हतं. आस्ब्यर्नसन आणि मो या दोघांनी नॉर्वेच्या लोककथा १८४० च्या दशकात छापल्या होत्या, पण आज आपण ओळखतो तो ट्रोलचा चेहरा त्या कथांना मागाहून मिळाला. थिओडोर किटेलसनने नॉर्वेत त्याची चित्रं काढली ती १८८० च्या दशकापासून. स्वीडनमध्ये योन बाउअरने काढली ती १९०७ नंतर. दुकानातल्या मूर्ती त्याहून पुढच्या. म्हणजे होव्हडिंग जहाज सुटलं तेव्हा ट्रोल फक्त ऐकण्यात होता. प्रत्येक आजीचा ट्रोल वेगळा, आणि तो राहायचा तिच्या बोलीत.

हे लक्षात आलं आणि मला आपलीच गोष्ट आठवली. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला, आणि आपल्या घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वतीला तो छापील चेहरा मिळाला. सार्वजनिक गणेशोत्सवाला लोकमान्यांनी जोर दिला तो १८९३ पासून. पण १८३४ नंतर गिरमिटिये म्हणून मॉरिशसला जी माणसं गेली, त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते, आणि त्यांतले कितीतरी या दोन्हींच्या आधी निघालेले. त्यांच्या गाठोड्यात तसबीर नव्हती, आरती होती. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते, घरातली भाषा मात्र बहुतेकांची क्रिओल. नॉर्सवुडला आणि डॅनीवर्कलाही तसंच. मुलं इंग्रजी शाळेत गेली, नातवंडांना आजीचं बोलणं कळेना. भाषा गेली तेव्हा आजीचा ट्रोलही गेला, आणि त्या रिकाम्या जागी पुढे दुकानातला येऊन बसला.

मग त्यांनी आणलं काय? नॉर्वेचे लोक लाकडी पेटी आणत, वर फुलावेलींचं रंगकाम, मालकाचं नाव आणि साल. आत कपडे, बायबल, अवजारं आणि रोजची भांडी. अशा वस्तूंना कोणी कला म्हणत नसे, म्हणून त्यांचा हिशेबही कोणी ठेवला नाही. उलट उदाहरण बिशप मॉनराडचं. १८६४ च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात हरलेल्या डेन्मार्कचा हा पंतप्रधान १८६६ साली पामर्स्टन नॉर्थजवळ येऊन चक्क शेती करू लागला. १८६९ मध्ये परत जाताना त्याने रेम्ब्रँट, ड्यूरर वगैरेंची सुमारे सहाशे मुद्राचित्रं वेलिंग्टनच्या सरकारी संग्रहालयाला देऊन टाकली. ती आज ते पापात नीट नोंदवलेली आहेत. बिशपची चित्रं टिकली, मजुराच्या बायकोची फळी कुठे गेली?

ही फळी मी उगाच म्हणत नाही. परतीच्या वाटेवर एका लहान गावातल्या दुकानात मला एक लांब, अरुंद फळी दिसली. वर नक्षी, एका टोकाला घोड्याच्या आकाराची मूठ. चिठ्ठी होती 'ब्रेड बोर्ड, १५ डॉलर'. मी घेतली. घरी येऊन लायब्ररीतली पुस्तकं चाळली तेव्हा कळलं की पोळपाटाशी हिचा काही संबंध नाही. ओलसर कापड रुळाला गुंडाळायचं आणि त्यावरून ही फळी दाबत फिरवायची. इस्त्रीच्या आधीची इस्त्री! नॉर्वेत नवरामुलगा अशी फळी कोरून वधूला द्यायचा. माझ्या फळीवर तीन अक्षरं होती, शेवटचं 'डी'. हे डी म्हणजे 'डॅटर', अमक्याची मुलगी. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं तसं. म्हणजे ही कोणा एकीची, तिच्या नावाची वस्तू होती, आणि पंधरा डॉलरला माझ्याकडे आली होती.

दोन रात्री झोप नीट लागली नाही. शेवटी दुकानदाराला फोन करून माझा नंबर त्या घरी द्यायला सांगितलं. आठवड्याने एका बाईंचा फोन आला. आजीचं घर रिकामं करताना त्यांनीच ती दिली होती. मी अक्षरांचा अर्थ सांगितला. बराच वेळ पलीकडून काही बोलणं नाही. मग म्हणाल्या, "आजीच्या आजीचं नाव आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं हो."

पुढच्या रविवारी त्या येऊन फळी घेऊन गेल्या. पैसे मी घेईना, तेव्हा पिशवीतून एक ट्रोल काढून माझ्या हातात ठेवला. ओस्लोच्या विमानतळावर सहलीत घेतलेला, हे त्यांनी हसत कबूल केलं. माझा एकोणतिसावा. बाजारात त्याला काही किंमत नाही, पण कोणी, कुठे, कशासाठी घेतला हे नक्की ठाऊक असलेला माझ्याकडे तो एकच.

त्या गेल्यावर माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने वरच्या खणाकडे बोट केलं. "बाबा, आणि ते अक्रोड फोडायचं काय आहे?"

अडकित्ता! पोपटाच्या आकाराचा, आजोबांच्या पानाच्या डब्यातला. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून असे अडकित्ते, दिवे, वाद्यं जमवली, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. सगळी रोजच्या वापरातली चीजवस्तू, कोणी नोंद न ठेवलेली. ते संग्रहालय मी दोनदा पाहिलंय. आणि माझ्या स्वतःच्या घरात, हातभर अंतरावर, आजोबांचा अडकित्ता अक्रोड फोडायला निघाला होता. ट्रोल उलटे करून मी खुणा शोधत होतो, आपल्या वस्तूंना तर तळाशी खूणसुद्धा नव्हती.

त्या रात्री आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. चिठ्ठ्या कापल्या, मी सांगितलं, तिने लिहिलं. वस्तू काय, कोणाची, कुठून आली, कशी वापरायची, घरात तिला काय म्हणत. आधी मराठीत, खाली इंग्रजीत. 'अडकित्ता' लिहिताना तिने दोनदा खोडलं. सुपारी काय हे सांगता सांगता आजोबा कसे बोलायचे, कोणावर चिडायचे, हेही निघालं. साडेअकरा वाजले.

सगळ्या वस्तू अजून झालेल्या नाहीत. दोन पितळी भांड्यांची नावं मलाच आठवेनात, तेव्हा आईला सांगलीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, त्यातलं एक आपलं नव्हेच. शेजारच्या काकूंचं आहे, परत करायचं राहिलंय."

तेही चिठ्ठीवर लिहिलंय.