देव आणि देवाचे कार्य : कार्डिनल व्हान थुआन यांचा कारावास

दुःखात देव कुठे असतो, हा प्रश्न आजाऱ्यांना भेटताना आम्हां धर्मगुरूंना वारंवार विचारला जातो. त्याचे पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन (१९२८-२००२) यांच्या चरित्राकडे वळणे मला अधिक उचित वाटते.

२४ एप्रिल १९७५ रोजी सैगॉनचे भावी आर्चबिशप म्हणून त्यांची नियुक्ती झाली. सहाच दिवसांनी ते शहर कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडले. त्यांचे मामा न्गो दिन्ह दिएम हे दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष होते. १९६३ साली त्यांची हत्या झाली होती. या नात्यामुळेही नव्या सत्तेचा संशय त्यांच्यावर होताच. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. पुढे खटला न चालवता तेरा वर्षे ते बंदिवासात होते. त्यांपैकी नऊ वर्षे एकांत कोठडीत.

कोठडीतील हालांपेक्षा एक वेगळीच वेदना त्यांना जाळीत होती. न्हा त्रांग धर्मप्रांताचे बिशप म्हणून आठ वर्षे उभारलेले कार्य अर्धवट राहिले, मेंढरे मेंढपाळाविना राहिली, मग आपल्या जगण्याचे प्रयोजन काय? एका रात्री त्यांच्या अंतःकरणाला उमगले की, ती सारी देवाची कार्ये होती; ती म्हणजे देव नव्हे. कार्य तो दुसऱ्यांकडे सोपवील. आपण निवडायचे ते देवालाच. (चर्चचे बांधकाम, सण आणि सभा यांत गुंतलेल्या आम्हां मंडळींना हा भेद पचायला जड जातो, हे कबूल करावे लागेल.)

त्यानंतर तुरुंगातील दिवसांना अर्थ आला. पोटाचे औषध म्हणून त्यांनी घरून द्राक्षारस मागवला. तळहातावर तीन थेंब द्राक्षारस व एक थेंब पाणी घेऊन ते मिस्साबलिदान अर्पण करीत. पहारेकऱ्यांना ते परकीय भाषा शिकवू लागले. एकाने त्यांना लाकडाचा तुकडा कापू दिला. त्याचा क्रूस त्यांनी साबणाच्या वडीत दडवून ठेवला. दुसऱ्याने विजेच्या तारेची साखळी करण्यास मदत केली.

२१ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यांची सुटका झाली. २००० सालच्या उपवासकाळात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासाठी तपसाधनेची प्रवचने त्यांनीच दिली. २००१ साली ते कार्डिनल झाले आणि २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले. कारागृहातला तो लाकडी क्रूस धातूने मढवून, त्याच तारेच्या साखळीत ओवून ते पुढे आपल्या छातीवर धारण करीत असत.