डिग्री आहे, पण चालते कुठे? बिहेवियर अ‍ॅनालिस्टच्या शिक्क्याची गोष्ट

डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएस, वकील व्हायचं तर एलएलबी. पण ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम करणारा बिहेवियर अ‍ॅनालिस्ट व्हायचं तर काय? इथे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण या धंद्यात डिग्री वेगळी आणि मान्यता वेगळी. हे असं का झालं, ते कळायला आपल्याला अमेरिकेतल्या फ्लोरिडात जावं लागेल. भाग थोडा जड आहे, आधीच सांगतो.

साल १९७२. मायामीत सनलँड नावाची सरकारी संस्था होती, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीची. तिथे ‘बिहेवियर मॉडिफिकेशन’चा कार्यक्रम चालायचा. चांगलं वागलात तर टोकन मिळणार, त्या टोकनवर सवलती. कागदावर झकास! प्रत्यक्षात काय चाललं होतं? लाकडी फळीनं मारहाण, चोवीस तासांहून जास्त बांधून ठेवणं, एकाला तर दोन दिवस बाथटबमध्ये बसवून ठेवलं. आणि हे सगळं उपचाराच्या नावाखाली. वर्तनाचं शास्त्र अर्धवट ऐकलेल्या माणसांच्या हातात दुसऱ्यांची आयुष्यं दिली होती आणि वरून बघणारं कुणी नव्हतं.

चौकशी समिती बसली. जॅक मे आणि टॉड रिझली यांनी पुढे नियमावली तयार करण्यात मोठा वाटा उचलला. कुठला उपाय कुणी करायचा, त्यावर लक्ष कुणी ठेवायचं, हे लिहून काढलं गेलं. पण नियम पाळणारा माणूस शिकलेला आहे की नाही, हे कसं ठरवणार? म्हणून १९८०च्या दशकात फ्लोरिडानं परीक्षा आणि प्रमाणपत्र सुरू केलं. माझ्या मते या क्षेत्राचा खरा जन्मदाखला हाच. स्किनरचे कबुतरांवरचे प्रयोग सगळ्यांना माहीत असतात, सनलँड मात्र फार कमी जणांना.

याच फ्लोरिडातल्या गेराल्ड शुक यांनी १९९८ मध्ये बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड काढलं, थोडक्यात बीएसीबी. आता परीक्षा एका राज्यापुरती राहिली नाही. मास्टर्सवाल्यांना बीसीबीए, बॅचलर्सवाल्यांना एक पायरी खालचं प्रमाणपत्र. मग प्रश्न आला विद्यापीठांचा. परीक्षेला कोण बसू शकतं? त्यासाठी बोर्डानं विषय आणि वर्गातले तास ठरवून दिले. हा आकडा वाढतच गेला बरं का: आधी २२५, मग २७०, मग ३१५. वर प्रत्यक्ष कामाचे, देखरेखीखालचे तास वेगळेच. ज्या कॉलेजचे कोर्स या साच्यात बसतात, त्यांचे विद्यार्थी पात्र. म्हणजे तपासले जायचे कोर्स, अख्खी डिग्री नव्हे. कोर्स नाही, तर अख्खा डिग्री प्रोग्राम तपासणं हे काम एबीएआय नावाची संघटना करते. तो रस्ता कठीण, त्यामुळे बहुतेक विद्यापीठं सोप्या रस्त्यानं गेली.

मग पैसा आला. २००१ मध्ये इंडियाना राज्यानं विमा कंपन्यांना ऑटिझमचे उपचार कव्हर करायला भाग पाडलं आणि २०१९ पर्यंत पन्नासही राज्यांत तशी तरतूद झाली. विमा कंपनी आधी शिक्का बघते. साहजिकच शिक्का हवा असणाऱ्यांची रांग लागली, ऑनलाइन कोर्सेसचा पूर आला. आज बीसीबीएंची संख्या ६० हजारांच्या वर आहे. दुसरीकडे, लहानपणी ही थेरपी घेतलेली ऑटिस्टिक माणसं मोठी होऊन बोलू लागली, की आम्हाला ‘नॉर्मल’ दिसायला लावलं, आमचं ऐकलं कुणी? हा आवाज दुर्लक्ष करण्यासारखा नाही. शिक्का असला म्हणजे काम चांगलंच होतं, असं सनलँडनंतरही म्हणता येत नाही.

आता बोर्डानं दोर आवळलाय. कोर्स तपासून पात्र ठरवण्याची जुनी व्यवस्था २०२५ अखेर संपली. २०३२ पासून ठरावीक संस्थांनी अख्खा प्रोग्राम मान्य केलेली डिग्रीच चालणार.

आपल्याकडच्या पोरांना मोठा धक्का बसला तो त्याआधीच. डिसेंबर २०१९ मध्ये बोर्डानं जाहीर केलं, की २०२३ पासून मोजके अपवाद सोडले तर अमेरिका आणि कॅनडाबाहेरून नवे अर्ज घेणार नाही. ज्यांच्याकडे आधीच प्रमाणपत्र होतं, त्यांना ते टिकवता येतं. पण पुण्यात किंवा नागपुरात बसून लाखो रुपयांचा ऑनलाइन कोर्स अर्ध्यात आणलेल्याचं काय? आयबीएओ, क्यूएबीए अशा दुसऱ्या संस्थांचे पर्याय आहेत, पण अमेरिकेतल्या लायसन्ससाठी त्यांचं वजन बीसीबीएइतकं नाही.

आणि भारतात? रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट यांची नोंद ठेवते. त्या यादीत बिहेवियर अ‍ॅनालिस्ट नाहीच. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या परिशिष्टात मात्र ‘बिहेवियरल अ‍ॅनालिस्ट’ हे शब्द पहिल्यांदा सापडतात, मानसशास्त्रज्ञांच्या शेजारीच. या कायद्यानुसार राज्याची परिषद नोंदणी करणार, आणि नोंदणी होणार मान्य पात्रतेवर.

त्यामुळे फी भरण्याआधी कॉलेजला एवढंच विचारा: ही डिग्री नेमकी कुणी मान्य केलीये, कुठल्या देशात काम करायला, आणि मी पास होईन त्या वर्षी ती मान्यता असेल का? उत्तर तोंडी नको, ईमेलवर मागा.