तारेची तोंडे

पुणे-सोलापूर लोहमार्गावर लोणी हे एक लहानसे स्थानक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने हा मार्ग १८६० साली सोलापुरास नेला, तेव्हा दोन रुळांतील अंतर साडेपाच फूट होते. पुढे १८९७ साली याच मार्गावरील कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वे निघाली, तिचे रूळ अवघे अडीच फुटांचे. दोन्ही वाफेच्याच गाड्या. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढेना. बार्शीकडचा माल कुर्डुवाडीस उतरवायचा, हमालांनी वाहायचा आणि मोठ्या गाडीत पुन्हा भरायचा. ते अरुंद रूळ आता गेले. परंतु तोच खोळंबा आमच्या लोणी काळभोरात मला आजही दिसतो, आणि तो संगणकाच्या पडद्यापाशी.

पडद्याशी या गावाचे नाते तसे जुने आहे. राज कपूर यांची राजबाग इथलीच. १९७८ च्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चे बरेचसे चित्रीकरण तिथे झाले. आता त्या परिसरात एमआयटी एडीटी विद्यापीठ आहे, आणि चित्रकला, अ‍ॅनिमेशन शिकणारी मुले गावात खोल्या घेऊन राहतात. लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर त्यांचे भागत नाही. मग एक मोठा मॉनिटर येतो, बहुधा कोणाचा तरी जुना, आणि पाठोपाठ प्रश्न येतो : तार कोणती?

दुकानदार तोंड पाहून तार देतो. येथेच घोटाळा आहे. तार तोंडात बसली म्हणजे जुळली असे नव्हे. तोंड निराळे आणि त्यातून जाणारी बोली निराळी. ही बोली कशी बदलत गेली ते ठाऊक असले, की निवड करणे फारसे अवघड राहत नाही.

निळ्या तोंडाची, पंधरा पिनांची व्हीजीए तार आयबीएम कंपनीने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर आणली. त्या काळी पडदा म्हणजे पिक्चर ट्यूब. तांबडा, हिरवा, निळा अशा तीन रंगांसाठी तीन तारा. तारेतला दाब शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत जसा चढेल तसा तो रंग उजळत जाई. ट्यूबला हीच भाषा समजे, म्हणून ती योग्यच होती. पुढे सपाट पडदे आले. त्यांना दाब नको, आकडे हवेत. संगणक आकड्यांचा दाब करणार आणि पडदा त्या दाबाचे पुन्हा आकडे करणार, असा द्राविडी प्राणायाम सुरू झाला. अक्षरांच्या कडा किंचित पुसट दिसू लागल्या, त्याचे एक कारण हे.

१९९९ साली डीव्हीआय आली, तिने आकडे थेट पाठवले. मात्र जुन्यांची सोय म्हणून तिच्या एका प्रकारात व्हीजीएचा दाबही वाहता ठेवला. २००२ च्या अखेरीस सोनी, तोशिबा, फिलिप्स आदी सात कंपन्यांनी एचडीएमआय काढली. मौज अशी, की हिची चित्राची बोली डीव्हीआयचीच आहे. वर आवाजाची भर. २००६ साली मात्र व्हेसा या संस्थेने डिस्प्लेपोर्ट काढले, आणि त्याची घडण मुळातच वेगळी : चित्राची लहान लहान पुडकी करून पाठवायची.

गेल्या वर्षी शेजारच्या खोलीतली एक विद्यार्थिनी रडकुंडीस येऊन माझ्याकडे आली. वर्षाचे काम दाखवण्यास चार दिवस उरलेले. लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट, म्हणून तिने दोन टोकांना ती दोन तोंडे असलेली तार आणली होती. “काका, दोन्हीकडे नीट बसते, तरी पडदा काळाच,” ती म्हणाली. तार बिघडलेली नव्हती. अशी तार साधारणतः एकाच दिशेने चालते. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच संगणकांना एचडीएमआयचीही बोली येते, तेव्हा तिकडून इकडे साधी तार पुरते. उलट दिशेने जायचे तर मध्ये भाषांतर करणारे यंत्र लागते, आणि त्याला बहुधा वेगळी वीजही द्यावी लागते. कुर्डुवाडीचे हमाल काही फुकट राबत नसत. मी मॉनिटर फिरवून पाहिला. मागे धुळीत डीव्हीआयचे पांढरे तोंड होते. एचडीएमआय ते डीव्हीआय ही स्वस्तातली तार आणली नि चित्र उमटले. आवाज त्यातून येत नाही. तो तिला लॅपटॉपचा पुरेसा होता.

बोली जुळली तरी गाडीभाडे उरतेच. व्हीजीएच्या मूळ पडद्यावर ६४० गुणिले ४८० ठिपके. आजच्या फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर २७ पट. ते सेकंदाला ६० वेळा रंगवायचे तर दर सेकंदास सुमारे १२ अब्ज बिटे लागतात. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये चित्रासाठी आठ अब्जांच्या आसपासच जागा आहे, म्हणून तिथे फोर-के ३० वरच अडते आणि माऊसचा बाण अडखळत धावतो. २०१३ च्या २.० ने ती अडचण दूर केली. पण दोन्हींचे तोंड हुबेहूब एकच! संगणक, तार, मॉनिटर या तिघांत जो दुबळा, त्याच्याच चालीने सर्वांनी चालायचे.

२०१४ साली आलेल्या यूएसबी-सीने तर कमाल केली. चोवीस पिनांचे इवलेसे तोंड, उलटसुलट कसेही बसणारे. त्यातून डिस्प्लेपोर्टची बोली जाऊ शकते. जाईलच असे नाही. काही तोंडांतून केवळ वीज आणि फायली जातात. तारांचेही तसेच : मोबाइलबरोबर आलेली पांढरी तार बॅटरी भरते, चित्र बहुधा नेत नाही. तोंडाशेजारी कधी इंग्रजी डी आणि पी या अक्षरांची खूण किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली असते, कधी काहीच नसते. तेव्हा लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, कंपनीच्या माहितीपत्रकात त्या तोंडासमोर डिस्प्लेपोर्ट असे छापले आहे का ते पाहावे, आणि मगच हडपसरची बस धरावी.