मुळे व मृदा-सूक्ष्मजीव यांचा रासायनिक संबंध : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
मुळे मातीतून पाणी व क्षार शोषून घेतात, हे सर्वज्ञात आहे. मात्र मुळे स्वतःही शर्करा, सेंद्रिय आम्ले, फ्लेव्होनॉइड्स इत्यादी पदार्थ मातीत स्रवतात आणि त्यांद्वारे सूक्ष्मजीवांशी संबंध प्रस्थापित करतात. ही बाब उशिरा का उमगली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोथॅमस्टेड ते बर्नबर्ग :
वनस्पती हवेतील मुक्त नत्र घेतात काय, याची परीक्षा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट व प्यू यांनी १८५७-५८ मध्ये घेतली. नत्राचा अंशही राहू नये म्हणून त्यांनी माती भाजून घेतली. निष्कर्ष नकारार्थी आला. प्रयोग काटेकोर होता. परंतु भाजण्यात जिवाणूही नष्ट झाले होते. पुढे जर्मनीतील बर्नबर्ग येथे हेलरीगेल यांना नत्रविरहित वाळूतील वाटाण्याची काही रोपे जोमदार, तर काही खुरटलेली आढळली. ही विसंगती त्यांनी दुर्लक्षिली नाही. निर्जंतुक वाळूत शेतमातीचा अर्क घालताच मुळांवर गाठी येऊन रोपे वाढली. १८८६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष जाहीर केले. १८८८ मध्ये बायेरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले.

मुळांच्या स्रावांचा अभ्यास :
मुळांच्या प्रभावाखालील मातीस हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘ऱ्हायझोस्फिअर’ ही संज्ञा दिली. लसूणघासातील ल्युटिओलिन हे द्रव्य जिवाणूंची गाठी निर्माण करणारी जनुके कार्यान्वित करते, हे १९८६ मध्ये सिद्ध झाले.

स्ट्रायगोलचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून ते वेगळे करण्यात आले. आपल्याकडे ज्वारीवर येणारा टारफुला ज्या परोपजीवी प्रजातीतील आहे, तिचे बी या द्रव्याने रुजते. वनस्पतीने आपल्याच शत्रूस जागे करणारे द्रव्य का स्रवावे, हे कोडे ३९ वर्षे सुटले नाही. २००५ मध्ये जपानमधील आकियामा व सहकाऱ्यांनी दाखविले की, याच गटातील द्रव्यामुळे मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या तंतूंना शाखा फुटतात. म्हणजेच संकेत मित्रासाठी होता. टारफुल्याने त्याचा लाभ उठविला.

निष्कर्ष :
रोथॅमस्टेड येथे चूक मोजमापात नव्हती. व्यत्यय म्हणून जे वगळले, त्यातच उत्तर होते. प्रयोगशाळेत माती निर्जंतुक करण्यास विद्यार्थ्यांना शिकविताना, त्या क्रियेत आपण काय गमावतो हेही त्यांना सांगणे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.